लहान गाळ्यात मोठी सुतारयंत्रे बसवताना

यंत्र घ्यायला जाताना बहुतेक जण कॅटलॉगमधली लांबी-रुंदी पाहतात, गाळ्याच्या नकाशावर तेवढा चौकोन काढतात आणि 'बसतंय' म्हणून आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतात. यंत्र खरेच बसते. पहिली आठ फुटी फळी सरफेस रंध्यावर (फळीचे तोंड सपाट करणाऱ्या यंत्रावर) चढवली की तिचे दुसरे टोक भिंतीला टेकते, आणि मग चूक कळते. सुतारयंत्राला जागा लागते ती त्याच्या पायापुरती नव्हे, त्यातून जाणाऱ्या लाकडाच्या वाटेपुरती. रंध्याचे टेबल पाच फुटांचे असले तरी आठ फुटी लाकडासाठी पात्याच्या आधी आठ फूट, पात्यानंतर आठ फूट आणि माणूस उभा राहायला जागा, असा साधारण अठरा फुटांचा पट्टा मोकळा हवा.

लहान गाळ्यात काम करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. दोन यंत्रे एकावर एक ठेवता येत नाहीत, पण दोन लाकडांच्या वाटा एकमेकींवरून जाऊ शकतात, कारण एकटा-दुकटा माणूस एका वेळी एकच यंत्र चालवतो. मांडणीचे सगळे कौशल्य एवढ्यातच आहे: यंत्रांचे देह वेगळे ठेवायचे आणि वाटा एकमेकींत गुंफायच्या.

उदाहरणाला १२ × २५ फुटांचा, म्हणजे ३०० चौरस फुटांचा तळमजल्यावरचा गाळा धरू. शटर १२ फुटी बाजूला आहे. शटरच्या दोन्ही बाजूंना फूट-फूटभर खांब गेल्यावर मोकळी रुंदी १० फूट उरते. यात १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), १२ इंची सरफेस रंधा, १८ इंची थिकनेस मशीन (फळी एकसारख्या जाडीची करणारे), १८ इंची बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची उभी करवत) आणि धूळ ओढणारे यंत्र एवढे बसवायचे आहे. काम प्लायचेही आहे आणि सागवानाचेही.

आधी लाकूड मोजा

प्लायची आठ बाय चारची शीट २४४० × १२२० मिमी असते. तिचा कर्ण २७३० मिमी, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. ती आडवी धरून फिरवायची तर नऊ फूट व्यासाचे रिकामे वर्तुळ लागते. बारा फुटी गाळा रिकामा असेल तर ते मिळते, यंत्रे लागल्यावर मिळत नाही. म्हणून मांडणीचा पहिला नियम असा, की शीट आत येईल त्याच तोंडाने यंत्रावर चढली पाहिजे, मध्ये वळवावी लागता कामा नये. १८ मिमीची प्लायची शीट साधारण ३० ते ३७ किलो भरते आणि त्याच जाडीची एमडीएफ ४० किलोच्या आसपास. अरुंद जागेत एकट्याने ती वळवताना पहिला बळी छताच्या पंख्याचा जातो, कारण शीट उभी केली की आठ फुटांवर पोचते. टेबल सॉ आणि रॅक यांच्या वर छताचा पंखा नकोच, भिंतीवरचा लावा.

यानंतर तुमच्याकडचे सर्वांत लांब लाकूड ठरवा. दारांची कामे असतील तर सात फूट धरा, चौकटींची असतील तर आठ. वर्षातून दोनदा येणाऱ्या दहा फुटी वाशासाठी अख्खा गाळा अडवू नका. तेवढे काम शटर उघडून करता येईल अशी सोय ठेवली की पुरे.

स्लायडिंग टेबलचा मोठा पॅनल सॉ अशा गाळ्यात घेऊ नये. ३२०० मिमी सरकणाऱ्या टेबलाचे यंत्र पूर्ण लांबी कापताना पुढे-मागे मिळून सुमारे साडेसहा मीटर, म्हणजे एकवीस-बावीस फूट घेते. आडव्या दिशेचा लांब फेन्स (लाकूड टेकवून सरळ नेण्याची पट्टी) आणखी बाजूला येतो तो वेगळाच. तो एक बसवला की बाकी काही बसत नाही. लहान जागेत टेबल सॉ आणि त्याच्या जोडीला गाईडपट्टीवर चालणारा हाताचा सर्क्युलर सॉ ही जोडी जास्त काम देते. शीट पहिल्यांदा आडवी कापायची ती जमिनीवर दोन इंची थर्मोकोल किंवा जुन्या फोमवर ठेवून, हातातल्या सॉने. तुकडा आटोक्यात आला की मग टेबल सॉवर. कपाटाच्या बाजू साधारण दोन फुटांच्या असतात, त्यामुळे फेन्स पात्यापासून ३० इंच उघडला तरी बास होते. ५० इंची फेन्सचा मोह या गाळ्यात टाळा.

मांडणी

आत उभे राहून शटरकडे तोंड करा. उजव्या हाताची ती उजवी भिंत, डाव्या हाताची ती डावी. सगळ्या यंत्रांची दिशा गाळ्याच्या लांबीला समांतर राहील. पुढची लांबीची सगळी मापे शटरपासून आहेत.

टेबल सॉ पहिल्यांदा ठरवायचा, कारण तो हलणार नाही. त्याचे पाते शटरपासून १३ फुटांवर आणि डाव्या भिंतीपासून ७८ इंचांवर घ्या. चालवणारा गाळ्याच्या पाठीमागच्या बाजूला, शटरकडे तोंड करून उभा राहील. याची कारणे तीन. कोणी आत आले तर त्याला ते समोर दिसते. चालत्या पात्यावर हात असताना मागून खांद्यावर पडलेला हात फार महागात पडतो. लाकूड उलटे उडाले तर ते चालवणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे मागच्या भिंतीकडे जाते, रस्त्यावरच्या माणसाकडे नाही. आणि कापलेले लांब लाकूड शटरच्या दिशेने पुढे जाते, जिथे गरज पडली तर दार उघडे आहे. पात्याच्या मागे बारा फूट उरतात. आठ फुटी शीट आणि तिच्यामागे उभा माणूस त्यात मावतो. मागच्या भिंतीवर पात्याच्या रेषेत जुन्या १८ मिमी प्लायचा तुकडा ठोकून ठेवा. तिथे काच, मीटर किंवा देवाची तसबीर लावू नका. चालवणाऱ्यानेही पात्याच्या सरळ रेषेत न उभे राहता थोडे डावीकडे उभे राहावे, आणि पात्यामागचा रायव्हिंग नाईफ (कापलेली फट मिटून लाकूड पात्याला धरू नये म्हणून असलेली पट्टी) काढून ठेवू नये.

सरफेस रंधा डाव्या भिंतीला, त्याचा फेन्स भिंतीकडे. कटर, म्हणजे फिरती पाती, शटरपासून ९ फुटांवर. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे शटरकडून मागे जाते. आठ फुटी लाकूड शटरपासून फूटभर आत सुरू होते आणि १७ फुटांवर संपते. यंत्राची खोली फेन्सच्या मागच्या सरकण्यासह ३० इंच धरा. त्यापुढे ३६ इंचांची वाट सोडली की ६६ इंच होतात, आणि टेबल सॉची डावी कड बरोबर तिथे येते. ही तीन फुटी वाट म्हणजे गाळ्याचा राजमार्ग. शीट याच वाटेने उभी, लांबीच्या दिशेने आत जाते, रंधा चालवणारा इथेच उभा राहतो आणि टेबल सॉवर कापताना शीटचा डावा अर्धा भाग हिच्यावरच तरंगतो. इथे कधीही, पाच मिनिटांसाठीही काही ठेवायचे नाही.

रंधा भिंतीला फार चिकटवला तर वेगळीच अडचण येते. दहा फुटी लाकूड शटरबाहेरून सुरू करायचे म्हटले की ते शटरच्या खांबावर आपटते. खांब फूटभर असेल तर रंध्याच्या टेबलावरची लाकडाची वाट भिंतीपासून किमान १३ इंचांवर यायला हवी. बसवण्याआधी सुतळी ताणून हे बघा, नंतर यंत्र सरकवणे जड जाते.

थिकनेस मशीन उजव्या भिंतीला, शटरपासून ७ फुटांवर. लाकूड मागून घालायचे, शटरकडे निघते. म्हणजे फळी डावीकडून रंध्यावरून आत जाते आणि उजवीकडून थिकनेसमधून बाहेर येते. मध्ये तिला उलटी फिरवावी लागत नाही. आठ फुटी फळीचे शेवटचे टोक शटरबाहेर फूटभर डोकावेल, सात फुटी आतच राहील. इथेही खांबाची गोष्ट लागू आहे: लांब फळी बेडच्या (फळी जिच्यावरून सरकते त्या खालच्या टेबलाच्या) आतल्या, म्हणजे गाळ्याच्या मध्याकडच्या कडेने घाला. घालणारा माणूस टेबल सॉच्या उजव्या कडेला आणि भिंतीला सोडलेल्या ३२ इंचांत उभा राहतो. ही जागा चालायला पुरते, काही साठवायला नाही.

टेबल सॉच्या पुढे लाकूड झेलायला टेबल हवेच. तेच कामाचे बाक करा. लांबी तीन फूट, रुंदी सॉच्या टेबलाएवढी, उंची सॉपेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. बरोबरीने केले तर कुठेतरी केसभर वर राहते आणि शीट कडेला अडकते. मागून ढकलणारा जोर लावतो, शीट फेन्स सोडून तिरकी होते, पाते धरते आणि लाकूड मागे फेकते. एक सूत खाली असले की हा प्रश्नच येत नाही. बाक तीन फुटांहून लांब करू नका, थिकनेस मशीनच्या हँडलला हात जायचा नाही.

आता मागचा भाग. डाव्या भिंतीला १७ ते २५ फुटांच्या पट्ट्यात शीटचा रॅक, खोली १५ इंच. शीट लांब कडेवर उभी, खाली दोन इंची बॅटन (लाकडी पट्टी), म्हणजे फरशीची ओल लागणार नाही. रंध्याची वाट १७ फुटांवर संपते तिथेच हा सुरू होतो. उजव्या भिंतीला १९ फुटांच्या आसपास बँडसॉ, त्याचा खांब भिंतीकडे. पाते खांबापासून दीड फूट आत येते, त्यामुळे लाकडाची वाट मागच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलेल्या धूळयंत्राच्या शेजारून निघून जाते. बँडसॉवर चिरायचे लाकूड आधी पाच फुटांपर्यंत तोडून घ्यावे. मोठा बँडसॉ घेण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात चौकशी करून घ्या. आरागिरणीला परवाना लागतो, आणि कोणते यंत्र व कोणते काम त्या व्याख्येत येते हे यंत्र दारात आल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

कागदावर हे सगळे जुळले तरी जमिनीवर आखल्याशिवाय पक्के धरू नका. खडूने प्रत्येक यंत्राचा पाया आखा, त्या उंचीला विटा किंवा खोकी रचा, आणि आठ फुटी बॅटन व एक खरीखुरी शीट हातात घेऊन प्रत्येक वाट चालून बघा. कोपर कुठे लागतो, शीट कुठे अडते हे तासाभरात कळते.

उंचीचा हिशेब

वाटा एकमेकींवरून जायच्या तर उंची सांभाळावी लागते. टेबल सॉ ३४ इंच धरला तर त्याच्या पट्ट्यात येणारी बाके, पेट्या, ड्रॉवर त्याहून खाली हवेत. रंध्याचे टेबल साधारण ३२ इंचांवर असते, म्हणून त्याच्या वाटेत ३० इंचांपर्यंतचे कपाट चालते. बँडसॉचे टेबल ३६-३८ इंचांवर, त्यामुळे त्याची वाट बाकीच्यांच्या डोक्यावरून जाते. थिकनेस मशीनमध्ये फसगत होते: काहींचा बेड वर-खाली होतो, काहींचे कटर डोके. बेड हलणारा असेल तर जाड लाकूड घालताना तो खाली जातो, आणि पुढे ठेवलेला पक्का स्टँड आडवा येतो. तिथे उंची बदलणारा रोलर स्टँडच हवा. तो नसला की फळीचे टोक झुकते आणि शेवटचे दोन-तीन इंच जास्त खरवडले जातात. दोष पात्याचा नसतो, आधाराचा असतो.

काय चाकांवर, काय जमिनीत

सगळेच चाकांवर घेतले की जागा वाचते, हा समज अर्धाच बरोबर आहे. रोज हलवावे लागणारे यंत्र कोणी रोज हलवत नाही. मग ते चुकीच्या जागी उभे राहून वापरले जाते. या मांडणीत चाके फक्त बँडसॉला आणि धूळयंत्राला द्या. टेबल सॉ, रंधा आणि थिकनेस मशीन अँकर बोल्टने जमिनीत.

चाकांचे गणित असे. जमीन कधीच सपाट नसते, त्यामुळे चार चाकांपैकी प्रत्यक्षात तीनच वजन पेलतात. ३०० किलोच्या यंत्राला चार चाके × ७५ असा हिशेब न करता ३०० भागिले तीन, म्हणजे १०० किलो धरा, आणि दीडपट राखून १५० किलो क्षमतेचे चाक घ्या. चार इंची पीयूचे (पॉलियुरेथेनचे) चाक बरे, लोखंडी चाक कोब्याला खड्डे पाडते. चाक यंत्राच्या खाली बसवले तर यंत्र पाच-साडेपाच इंच वर जाते, कामाची उंची बिघडते आणि बँडसॉसारखे उंच यंत्र डोलायला लागते. म्हणून ५० × ५० × ६ मिमी अँगलची चौकट करा, यंत्र तिच्या आत जमिनीपासून अर्धा इंच वर बसवा आणि चाके चौकटीच्या बाहेर काढलेल्या कानांना लावा. दोन फिरती ब्रेकची, दोन सरळ. काम करताना वजन चाकांवर ठेवायचे नाही: चारही कोपऱ्यांना नट वेल्ड करून त्यात १६ मिमीचे बोल्ट घ्या, ते खाली फिरवले की यंत्र जमिनीवर पक्के बसते. बऱ्याच गाळ्यांत धुण्याच्या पाण्यासाठी फरशीला शटरकडे उतार दिलेला असतो. ब्रेक न लावलेला बँडसॉ त्या उतारावरून आपोआप निघतो.

फरशी कशाची आहे तेही पाहा. चांगला काँक्रीटचा कोबा असेल तर चिंता नाही. शहाबादी किंवा टाइल्स असतील तर काठीने ठोकत फिरा. पोकळ आवाज आला तिथे जड यंत्राचा पाय येऊ देऊ नका, फरशी तडकते आणि यंत्राची पातळी जाते. पायाखालच्या चार जागा कापून त्यात काँक्रीट भरणे स्वस्त पडते. पातळी आणताना लाकडाची पाचर वापरू नये, ती दबते आणि पावसाळ्यात फुगते. पत्र्याच्या पट्ट्या घाला. रंधा बसल्यावर दोन्ही टेबलांवर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवून त्यांच्या कडा एका नजरेत जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर ओतीव टेबल पिळले गेले आहे आणि त्यावर कितीही रंधले तरी फळी वाकडीच निघेल. बोल्ट सैल करा, पट्टी बदला, परत पाहा.

आत आणणे

क्रम उलटा ठेवा: सर्वांत मागचे यंत्र सर्वांत आधी. बँडसॉ, मग टेबल सॉ, मग रंधा, शेवटी थिकनेस. नशिबाने सर्वांत जड यंत्र शटरजवळच आहे. शटर पूर्ण वर गेल्यावर त्याच्या गुंडाळीखाली किती उंची उरते हे टेपने मोजा, आणि यंत्र पट्ट्याला टांगलेले असताना पट्ट्याची उंचीही त्यात धरा. हायड्रा क्रेनने यंत्र दारापर्यंतच येते. आत न्यायला हँड पॅलेट ट्रक, आणि तो जात नसेल तिथे दीड इंची जीआय पाइपचे चार तुकडे व पहार. एका वेळी तीन पाइप यंत्राखाली, मागे सुटलेला पुढे आणून ठेवायचा. पाइप हलवताना बोटे कधीही त्याच्या वरून धरू नयेत, पाइपच्या टोकांच्या पोकळीत आतून घालावीत. रंध्याच्या टेबलाला किंवा फेन्सला पट्टा बांधून यंत्र उचलू नका. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटते. आणि तुटले नाही तरी टेबल ज्या उतरणीवरून सरकते ती बिघडते, ती नंतर जुळवायला दिवस जातो. पट्टा नेहमी पायाच्या चौकटीतून घालावा.

वीज

टेबल सॉ ३ एचपी (अश्वशक्ती), रंधा ३, थिकनेस ५, बँडसॉ ३, धूळयंत्र २, अशी बेरीज १६ एचपी होते. प्रत्यक्षात एका वेळी एक यंत्र आणि धूळयंत्र, म्हणजे फार तर ७ एचपी चालते. महावितरणकडे भार मागताना परवानाधारक इलेक्ट्रिशियनला या दोन्ही गोष्टी सांगा. ४१५ व्होल्ट थ्री फेजवर ३ एचपी मोटर भरलेल्या अवस्थेत साधारण ५ अँपिअर, ५ एचपी साधारण ८ अँपिअर घेते. सुरू होताना मात्र क्षणभर पाच-सहा पट. म्हणून एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मोटरसाठीच्या प्रकारचा घ्यावा, नाहीतर सकाळी पहिल्याच बटणाला पडतो.

थ्री फेज मिळतच नसेल तर ३ एचपीपर्यंतच्या यंत्राला व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारे उपकरण, चालते. पण त्यातून २३० व्होल्टचाच थ्री फेज निघतो. आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडलेल्या असतात, त्या डेल्टा करून घ्याव्या लागतात (स्टार आणि डेल्टा हे मोटरच्या आतल्या वेटोळ्यांच्या जोडणीचे दोन प्रकार). पेटीत सहा टोके बाहेर आहेत का आणि नावपट्टीवर तशी जोडणी लिहिली आहे का ते आधी पाहा. ५ एचपीच्या थिकनेसला हा मार्ग धरू नये.

स्टार्टरच्या बाबतीत हयगय नको. जुनी यंत्रे साध्या हँडलच्या स्विचवर येतात. वीज गेली, माणूस पाते साफ करायला वाकला, वीज आली आणि यंत्र आपोआप फिरले, असे अपघात अशाच स्विचमुळे होतात. प्रत्येक यंत्राला ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) आणि नो-व्होल्ट कॉइल (वीज जाताच स्विच सोडणारी) असलेला स्टार्टर हवा, म्हणजे वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय ते सुरू होत नाही. बंद करायचे लाल बटण गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीला, हात अडकले असतानाही दाबता येईल असे. थ्री फेज मोटरला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र तारा लागतात, एकीवर भागवू नका.

वायर जमिनीवरून नको, छतावरून खाली सोडा. सगळ्या थ्री फेज सॉकेटमध्ये फेजचा क्रम एकच ठेवा. क्रम बदलला की मोटर उलटी फिरते: टेबल सॉच्या पात्याचे नट सैल पडू शकते, बँडसॉचे पाते लाकूड खाली दाबण्याऐवजी वर उचलते. सॉकेट बदलले की पाते काढून किंवा पट्टा उतरवून क्षणभर चालवून दिशा बघायची.

भुसा

लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात मोडते, आणि सागवानाच्या भुशाने अनेकांना खाज व दम्याचा त्रास होतो. लहान गाळ्यात ती जाणार कुठे? म्हणून धूळयंत्र ही चैन नव्हे, पहिल्याच खरेदीत ते धरा.

चार इंची नळीतून भुसा न साचता वाहायला मिनिटाला साधारण ३५० घनफूट हवा लागते, सहा इंचीला ७८०च्या पुढे. २ एचपीचे यंत्र चार इंची जाळ्याला पुरते, सहा इंची पाइप टाकून त्याच्याकडून अपेक्षा करू नका. हवेचा वेग पडतो आणि छिलका पाइपमध्येच बसतो. एका वेळी एकच यंत्र चालणार असल्यामुळे सगळ्या यंत्रांना कायमचे पाइप टाकण्याची गरज नाही. ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठी वापरतात तो) पीव्हीसी पाइप छताजवळून लांबीभर एकच न्या, टेबल सॉ, रंधा आणि थिकनेसपाशी फाटे काढा, प्रत्येक फाट्याला सरकते झाकण लावा. लवचिक नळी शेवटच्या तीन-चार फुटांपुरतीच, तिच्या वळ्यांमुळे हवा फार अडते. ९० अंशांचे कोपरे टाळून ४५चे दोन जोडा. रंध्याचे लांब छिलके काटकोनात हटकून अडकतात, आणि ते अडकले आहेत हे कळते ते कटरखाली भुसा दाबून फळीवर ठसे उमटू लागल्यावर. पाइप राजमार्गावरून आडवा, डोक्याला लागेल असा नेऊ नका. सात फुटांच्या वर ठेवा, कारण शीट लांब कडेवर उभी येते.

जोडयंत्राचा विचार

जागा यापेक्षाही कमी, म्हणजे १० × १८ सारखी असेल तर रंधा आणि थिकनेस एकाच देहात असलेले यंत्र घ्यावे. टेबल उचलून खालचा बेड वापरायचा, दोन-पाच मिनिटे जातात. सगळ्या फळ्यांचे एक तोंड आधी रंधून घेतले आणि मग एकदाच थिकनेस केले तर हा वेळ जाणवत नाही. पण पात्याचा सॉही त्याच देहात असलेले जोडयंत्र घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कामाच्या ओघात सॉ पुन:पुन्हा लागतो. दर वेळी फेन्स आणि टेबल बदलले की मापे हलतात, आणि घाईत पहिली गोष्ट निघते ती पात्यावरचे संरक्षण.

पावसाळा

शटरजवळ ओतीव टेबले आली की कोकणात आणि किनारपट्टीवर चार महिने गंजाशी सामना आहे. पावसाची झड चार फूट आत येते. रंध्याचे टेबल या मांडणीत साडेसहा फुटांपासून सुरू होते, ते वाचते. थिकनेसच्या बेडकडे मात्र लक्ष हवे. टेबल कोरड्या फडक्याने पुसून साधे मेण लावून घासावे, दर पंधरवड्याला. तेल लावू नका, ते लाकडाला लागते आणि पॉलिश धरत नाही. झाकायला प्लॅस्टिक घेऊ नका, त्याखाली घाम धरतो आणि सकाळी टेबलावर तांबूस ठिपके दिसतात; जुनी सुती चादर घ्या. अँकर बोल्ट आणि पायाखालचे पत्रे ओलीने सैल पडतात. गणपतीच्या सुमारास एकदा सगळे बोल्ट आवळून रंध्यावरच्या त्या दोन पट्ट्या पुन्हा लावून बघा.